बटण दाबलं की कोण येतं? ज्येष्ठ निवासात सव्वा वर्ष

आधी माझं माप सांगते, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवाल. मी ३८ वर्षं टेलिफोन खात्यात काढली. १९७५ साली ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा बाहेरगावी बोलायचं म्हणजे बहुतेकांना ट्रंक कॉल बुक करावा लागायचा. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे प्रकार. लाइटनिंगचा दर ऐकला की माणूस आपोआप ऑर्डिनरीवर यायचा आणि मग तासन्‌तास फोनकडं बघत बसायचा. डोक्याला हेडसेट, समोर बोर्ड, हातात कॉर्ड. "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" हे मी झोपेतसुद्धा म्हणते असं आमचे हे सांगायचे. त्यामुळं दुकान असो, बँक असो की दवाखाना, मी एवढंच बघते: घंटा वाजल्यावर कितव्या रिंगला उचलतात आणि उचलल्यावर काय बोलतात.

हे परीक्षण एका ज्येष्ठ निवासाचं. कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या पलीकडं, पन्हाळा रस्त्याच्या बाजूला, उसाच्या रानात. नाव लिहीत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत आणि मी अजून तिथंच राहते. सकाळचा चहा त्यांच्याच हातचा प्यायचा आहे.

मी आले एप्रिल २०२४ मध्ये. त्याआधी ४१ वर्षं शुक्रवार पेठेत, नदीच्या अंगाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या जिन्याच्या सहाव्या पायरीला लागलं होतं. २०२१ ला परत तेच. तेव्हा हे होते, दोघांनी मिळून गाद्या माळ्यावर टाकल्या. पुढच्या वर्षी हे गेले. गादीला दोन टोकं असतात, एकटीनं ती माळ्यावर चढत नाही.

मुलगा म्हणाला पुण्याला ये. दोन महिने राहून बघितलं. अकराव्या मजल्यावरून खाली उतरलं की वॉचमन विचारायचा, कुठल्या फ्लॅटच्या तुम्ही? तिथं माझं नाव 'अकराशे तीनच्या आजी' असं होतं. परत आले आणि कोल्हापूरच्या आसपासच्या तीन जागा बघितल्या. पहिल्या दोन ठिकाणी मला बाग दाखवली, देऊळ दाखवलं, लाफिंग क्लबचे फोटो दाखवले. बेडशेजारचं लाल बटण दाबून बघू का विचारल्यावर दोन्हीकडं "अहो आजी, ते इमर्जन्सीसाठी असतं" म्हणून हसले. तिसऱ्या ठिकाणी मी विचारलंच नाही. दाबलं.

एक मिनिट पन्नास सेकंदांत एक मावशी आल्या. हात पिठाचे, पदर खोचलेला, धाप लागलेली. "काय झालं आक्का? कोण पडलं?" कोणी पडलेलं नाही, नुसतं बघत होते, असं सांगितल्यावर त्या माझ्यावर चांगल्याच तापल्या. मला बरं वाटलं. तिथंच ठरलं.

आता त्याच बटणाची दुसरी बाजू. तिसऱ्या आठवड्यात रात्री पावणेतीनला पोटात जोराची कळ आली. बटण दाबलं. अकरा मिनिटं कोणी नाही. मी घड्याळाकडं बघून मोजत होते, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. अकराव्या मिनिटाला रात्रपाळीची पोरगी पळत आली, बिचारीचं तोंड एवढंसं झालेलं. चूक तिची नव्हतीच. बटणाचा बोर्ड खाली ऑफिसात, आणि रात्री ती वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या दोघांच्या कुशी बदलत असते. खाली घंटा वाजते ती वर ऐकू जात नाही. बोर्ड एकीकडं आणि ऑपरेटर दुसरीकडं. आमच्या एक्सचेंजमध्ये बदलीची बाई शेजारी येऊन बसल्याशिवाय हेडसेट काढायची सोय नव्हती, मग लघवीला जायचं असो नाही तर घरी पोर तापानं फणफणलेलं असो. मी व्यवस्थापकांना अर्ज दिला: वरच्या मजल्यावर दुसरी घंटा बसवा. उत्तर नाही. दुसरा दिला. तिसरा दिला. त्याचं पुढं काय झालं ते पुराच्या गोष्टीत येईल.

खोलीबद्दल थोडक्यात. उजेड भरपूर, खिडकीतून जोतिबाचा डोंगर दिसतो, पावसाळ्यात दिसत नाही. फरशी घसरडी नाही, हे खरंच चांगलं. पण न्हाणीघराचं दार मी शिवणाच्या टेपनं मोजलं, ७२ सेंटिमीटर. २०२४ मध्ये महारेरानं, म्हणजे राज्याच्या घरबांधणीच्या नियामकानं, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दार किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे ९० सेंटिमीटर हवं असं आहे. ही इमारत त्याआधीची, त्यामुळं कायद्यानं त्यांना काही म्हणता येत नाही. पण चौदा नंबरच्या तात्यांची चाकाची खुर्ची दारात अडकते ती अडकतेच. रोज दोघं जण त्यांना उचलून आत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवतात. तात्या म्हणतात, "रोज माझी वरात निघती." आणि एक सूचना: कमोडशेजारचा जाड दांडा धरायचा, त्याच्यापलीकडचा पातळ दांडा टॉवेलचा आहे. दिसायला सारखेच. टॉवेलचा दांडा धरून उठलं की तो भिंतीतून निघून हातात येतो. माझ्या आला.

जेवणावर जरा बसून बोलावं लागेल, कारण इथली निम्मी भांडणं तिथंच होतात. सकाळी सहाला चहा. दूध शेजारच्या गावातून येतं, म्हशीचं, चांगलं दाट. चहा मात्र पाणीदार, तेव्हा दूध जातं कुठं हा रोजचा प्रश्न. शनिवारी मिसळ, स्लाइस ब्रेडबरोबर. डोंबिवलीहून आलेल्या वहिनींनी पहिल्या शनिवारी पाव मागितला, तेव्हा अख्खा हॉल वळून बघायला लागला. बुधवारी आणि रविवारी मटण, शाकाहारींची भांडी आणि टेबल वेगळं, ते कटाक्षानं पाळतात.

मी आले त्या महिन्यात नवीन आहारतज्ज्ञ नेमल्या होत्या. पोरगी हुशार, पण तिनं आल्या आल्या तेल, मीठ आणि तिखट एकदमच खाली आणलं. आठवड्याभरात प्रत्येकाच्या ताटाशेजारी कांदा-लसूण चटणीची बरणी दिसायला लागली. झाकणावर खोलीचा नंबर, तेरा नंबरच्या काकूंनी तर बरणीला छोटं कुलूप लावलं होतं. बीपीवाल्यांना चटणी बंद म्हटल्यावर ते शेजाऱ्याच्या बरणीतून घ्यायचे आणि शेजारी त्याची नोंद ठेवायचा. शेवटी त्या पोरीनंच शहाणपणानं मार्ग काढला. स्वयंपाकाचं तिखट थोडं वाढवलं, बरण्या आपोआप कपाटात गेल्या.

पण रश्शाचा प्रश्न तिच्या हातातला नव्हता. तांबडा रस्सा इथं पहिल्यापासून बरा. पांढरा रस्सा मात्र पहिले दोन महिने असा यायचा की चमचा घातला तर उभा राहील. पांढरा रस्सा म्हणजे मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ, वरून गरम मसाल्याची हलकी फोडणी. पातळ असतो, वाटीनं प्यायचा असतो. इथं स्वस्तात काम भागवायला कॉर्नफ्लोअर घालत होते. तात्यांनी पहिला घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "ह्यो रस्सा न्हवं, ही खळ हाय. हिनं निवडणुकीची पोस्टरं चिकटवायची." त्यानंतर आम्ही चार बायका स्वयंपाकघरात शिरलो. नियमात बसत नाही, असं सांगण्यात आलं. आम्ही दारातच खुर्च्या टाकून बसलो आणि तिथून सूचना दिल्या: आधी अळणी वेगळं काढ, नारळाचं दूध शेवटाला, आता आच कमी कर, उकळी फुटू देऊ नको, फाटतंय ते. आचारी वैतागला, पण रस्सा जमला. तेव्हापासून खळ नाही. मटणाचे तुकडे मात्र मोजून तीन, त्यातलं एक हाड. म्हाईच्या, म्हणजे जत्रेतल्या मटणाच्या जेवणाची सवय असलेल्या माणसाला हे जड जातं.

माणसांचं म्हणाल तर इथं ३४ जण आहोत, त्यात बावीस बायका. काम करणाऱ्या बहुतेक पोरी आसपासच्या गावांतल्या. त्या आम्हाला आक्का, काकू, तात्या, मास्तर असं म्हणतात. 'आजी' म्हटलेलं मला चालत नाही हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. डोंबिवलीच्या वहिनी आल्या त्या रात्री त्यांनी बटण दाबलं. बाहेरून आवाज आला, "आलो आलो वहिनी!" त्यांनी घाबरून आतून कडी लावली. बाईच्या खोलीत रात्री बाप्या कसा पाठवतात, म्हणून सकाळी ऑफिसात तक्रार. मग त्यांना समजावून सांगावं लागलं की कोल्हापुरात बायका 'आलो, गेलो, जेवलो' असंच बोलतात, मीसुद्धा बोलते. लिहिताना तेवढी शाळेतल्यासारखी 'आले, गेले' करते. आता वहिनी स्वतःच "मी जेवलो" म्हणतात आणि त्यांची मुंबईची मुलगी फोनवर त्यांना हसते.

फुटबॉलच्या हंगामात मात्र हॉलमध्ये बसू नका. पाटाकडील आणि खंडोबा या कोल्हापूरच्या तालमींच्या संघांची मॅच असली की दोन आजोबा, दोघेही ७५ च्या पुढचे, शाहू स्टेडियमवरचं प्रक्षेपण एकाच मोबाइलवर बघतात, कारण दुसऱ्याला मोबाइल लावता येत नाही. मॅच संपली की त्यातला एक जण दोन दिवस जेवायला लांबच्या टेबलावर बसतो.

आता पूर. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. जुलै २०२४ च्या शेवटी पाण्यानं ४३ फूट ओलांडले आणि केर्लीजवळ रत्नागिरी रस्ता बंद झाला. आमची इमारत उंचावर आहे, पाणी आवाराला शिवलंसुद्धा नाही. पण यांच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरात लिहिलंय, 'शहरापासून अवघ्या १५ मिनिटांवर'. त्या आठवड्यात शहर आम्हाला दिवसालाही लांब होतं. मी पुराच्या घरातून सुटका म्हणून इथं आले आणि पहिल्याच पावसाळ्यात पलीकडच्या काठावर अडकले, याचं मला हसू आलं होतं. नंतर नाही आलं.

पेपर बंद. दूध संघाची गाडी गावात येईना, म्हणून गावातलं दूध किटल्या भरभरून आमच्याकडं. दोन दिवस खीर, तिसऱ्या दिवशी बासुंदी, आणि निम्म्या लोकांना डायबेटीस. गोळ्यांचं खरं वांदं झालं. व्यवस्थापनानं कुणाच्याही गोळ्यांचा साठा केला नव्हता. ज्याचा पत्ता संपला त्यानं शेजाऱ्याकडं बघायचं. बीपीच्या गोळ्यांची उसनवारी सुरू झाली. मास्तरांनी फळ्यावर तक्ता काढला, कुणाकडं कुठली गोळी किती मिलिग्रॅमची, आणि रात्रपाळीच्या पोरीला दाखवल्याशिवाय कुणी कुणाला गोळी द्यायची नाही असा दम भरला. चौथ्या दिवशी ट्रॅक्टरवरून औषधं आली. हा दोष मी अजून माफ केलेला नाही. २०२५ च्या जूनमध्ये त्यांनी प्रत्येकाकडून महिन्याच्या गोळ्या जादा घेऊन ठेवल्यात, ते मात्र नोंदवते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावचा मोबाइल टॉवर बंद पडला. लाईट आधीच गेलेली, जनरेटर दिवसाला तीन तास. सगळ्यांचे मोबाइल म्हणजे नुसते आरसे. ऑफिसातला जुना लँडलाइन फोन मात्र चालू होता. तांब्याची तार, तिचा करंट एक्सचेंजच्या बॅटरीवरून येतो. घरात लाईट नसली तरी तो वाजतो. आणि वाजत होता, एकसारखा. पुणे, बेंगळुरू, मस्कत, न्यू जर्सी. ऑफिसातला पोरगा फोन उचलायचा, रिसीव्हर टेबलावर ठेवायचा आणि कॉरिडॉरमध्ये जाऊन "ओ काकूऽऽ, तुमचा फोन!" म्हणून ओरडायचा. काकू काठी शोधणार, चपला शोधणार, रेलिंग धरत येणार, तोवर पलीकडचा माणूस कंटाळून ठेवून द्यायचा. मग काकू तिथंच रडत बसायच्या आणि फोन दुसऱ्याच कुणासाठी वाजायचा.

मी पंधरा मिनिटं हे बघितलं. मग त्या पोराला म्हटलं, "ऊठ, सरक तिकडं."

आमच्या वेळी पीपी कॉल असायचा. ठरावीक माणसाशीच बोलायचं असेल तर आधी तो माणूस हजर आहे का बघायचं, आणि मग जोडायचं. तेच केलं. एक वही घेतली. फोन आला की नाव लिहायचं: "कुणाशी बोलायचंय? दहा मिनिटांनी परत करा, त्यांना इथं आणून बसवते." ऑफिसबाहेर सहा खुर्च्या मांडल्या, पुढचे सहा जण कायम तयार. भिंतीवरच्या घड्याळावर तीन मिनिटं. "झाली तीन मिनिटं. वाढवता येणार नाही, मागं रांग आहे." पहिल्या दिवशी लोक रागावले. दुसऱ्या दिवशी खोलीतून यादी लिहून आणायला लागले, काय काय बोलायचं त्याची. ३८ वर्षं मी हेच ऐकत होते: दोन मिनिटं पावसापाण्याचं आणि शेवटच्या दहा सेकंदांत खरं काय ते.

तात्यांना ऐकू कमी येतं. त्यांची मुलगी मस्कतहून. लाइन खराब असली की ऑपरेटरनं मधे बसून निरोप पोचवायची पद्धत आमच्यात होतीच, तशी मी मधे बसले. रिसीव्हर माझ्या कानाला, तोंड तात्यांच्या कानाशी. ती रडत होती. "ती विचारतेय, पाणी कुठपर्यंत आलंय?" तात्या म्हणाले, "सांग तिला, पाणी हिथं येत न्हाई. उगा रडू नगो म्हणावं, पैसं उठत्यात." मी शब्द न शब्द सांगितला. ती रडता रडता हसली. मग म्हणाली, "त्यांना विचारा, मी येऊ का?" मी विचारलं. तात्या बराच वेळ गप्प. तीन मिनिटं होऊन गेली होती. मी घड्याळाकडं बघितलं नाही. शेवटी म्हणाले, "दिवाळीला ये म्हणावं. आता ईमानाचं तिकीट म्हाग आसंल."

चार दिवसांत ११२ कॉल जोडले. वही माझ्याकडं आहे.

पाणी उतरल्यावर व्यवस्थापक स्वतः खोलीत आले. हार, नारळ, शाल. म्हणाले, "आक्का, तुमचे उपकार कसे फेडायचे?" मी म्हटलं शाल राहू दे, वर घंटा बसवा. आठ दिवसांत बसली. सोबत रात्रपाळीच्या पोरीला कमरेला अडकवायचा छोटा बझर दिला. त्यानंतरच्या माझ्या नोंदी: आजपर्यंत चौदा वेळा बटण दाबलं, त्यात दोनदा न्हाणीघरातल्या घंटेच्या दोरीवर चुकून टॉवेल अडकवला म्हणून. जास्तीत जास्त साडेचार मिनिटं, बहुतेक वेळा तीनच्या आत. तीन अर्जांनी जे झालं नाही ते पुरानं झालं. अशा जागा अशाच चालतात, नाइलाजानं.

दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता 'कट्टा' असतो. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. खरं सांगायचं तर अर्धे गुरुवार कंटाळवाणे. नोकरीतल्या बदल्या आणि साहेबांची नावं. पण कोयनेच्या भूकंपाचा गुरुवार चांगला झाला. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या सुमारास. त्या पहाटे कोण कुठं होतं एवढंच सांगायचं होतं, आणि प्रत्येकाच्या गोष्टीत पहिल्यांदा भांडीच वाजत होती.

८ ऑगस्ट २०२४ ला गुरुवार होता. कट्टा झाला, जेवणं झाली, आणि रात्री कुणाच्या तरी मोबाइलवर आलं की केशवराव भोसले नाट्यगृह पेटलंय. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं ते घर. आम्ही सगळे हॉलमध्ये जमून त्या छोट्या पडद्यावर जाळ बघत होतो. आमच्यात एक आजोबा आहेत, सहा नंबरचे. कधी कट्ट्यावर बोलले नव्हते, विचारलं तर "माझं काय, मी हमाल माणूस" म्हणायचे. ते त्या रात्री झोपलेच नाहीत, व्हरांड्यात बसून राहिले.

शुक्रवारी कट्ट्याचा वार नसताना आम्ही जमलो. तेव्हा ते बोलले. ते वीस वर्षं तिथं पडद्याच्या दोरीवर होते. पहिली घंटा, दुसरी घंटा आणि तिसरी घंटा द्यायची, आणि तिसरीबरोबर पडदा. तिसरी घंटा द्यायच्या आधी ते पडद्याच्या फटीतून एकदा बघायचे, कुणी म्हातारं माणूस अजून अंधारात खुर्ची शोधत असेल तर अर्धं मिनिट थांबायचे. आत नट शिव्या द्यायचे. "पण माणूस बसल्याबिगर घंटा कशी द्यायची?" मग त्यांनी उजव्या हाताचा तळवा उघडून दाखवला. दोरीचा घट्टा अजून आहे, अंगठ्याच्या मुळाशी, पिवळा आणि कडक. तो घट्टा आम्ही सगळ्यांनी एकेक करून बोट लावून बघितला. मीही बघितला. माझ्या उजव्या कानाच्या वर हेडसेटच्या पट्टीची खाच आहे, केस तिथं विरळ उगवतात. ती मी त्यांना दाखवली.

बाकी उपक्रम लिहायला हवेत म्हणून लिहिते. नोव्हेंबरात हयातीचे दाखले इथंच मोबाइलवर चेहरा दाखवून निघतात, बँकेत हेलपाटा नाही. ज्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं त्यांना ॲप सारखं डोळे मिचकवा म्हणत होतं आणि ते मिचकावत नव्हते, म्हणून दोन जण आठवडाभर कागदोपत्री मेलेले होते. अंबाबाईच्या किरणोत्सवाला बस नेली. मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर ९, १० आणि ११ नोव्हेंबरला येतात. आम्हाला ११ ला नेलं आणि गाडी वेळेवर निघाली नाही. महाद्वारात पोचलो तेव्हा सूर्य गेला होता. पैसे परत मिळाले नाहीत. योगासनं रोज असतात, मी जात नाही.

जोतिबाची चैत्र यात्रा मात्र बघण्यासारखी. २०२५ ला १२ एप्रिलला पौर्णिमा होती. आदल्या दिवसापासून सासनकाठ्या घेऊन माणसं रस्त्यानं जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला चाललेली, अंगावर गुलाल, 'जोतिबाच्या नावानं चांगभलं'. आमच्या फाटकाशी आम्ही ताकाचं पिंप मांडतो. ताक आम्हीच घुसळतो, मीठ-जिऱ्याचा अंदाज तेरा नंबरच्या काकूंचा, तिथं कुणी आहारतज्ज्ञ नाही. तात्यांची खुर्ची पिंपाशेजारी, ग्लास त्यांच्या हातून. दिवसभरात त्यांचा पांढरा सदरा पार गुलाबी झाला आणि तो त्यांनी तीन दिवस धुवायला टाकला नाही. मस्कतहून मुलगी दिवाळीला आली होती, तिला फोटो पाठवला.

पैशाचं: एकटीच्या खोलीला महिन्याला २८ हजार, अनामत ६ लाख. दरवर्षी आठ टक्के वाढ करारात आहे, बारीक अक्षरात, पान ९ वर. अनामत परत मिळायला निघाल्यापासून किंवा गेल्यापासून नव्वद दिवस. 'गेल्यापासून' हा शब्द आमच्या करारात पूर्वी नव्हता, मुलांची ओढाताण व्हायची, मास्तरांनी भांडून घालून घेतला. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतो, पाच मिनिटांत सहा जण तपासतो. लिफ्ट एकच, आणि तिचा दरवाजा बंद होताना माणसाला विचारत नाही. कपडे धुण्याचे वेगळे पैसे. ७५ च्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, पण एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला इथली गाडी मिळेलच असं नाही.

पाचपैकी साडेतीन. पूर्वी अडीच म्हटलं असतं, वरची घंटा बसली म्हणून एक वाढवला.

बघायला जाणार असाल तर रविवारी जाऊ नका, त्या दिवशी सगळं सजवलेलं असतं. बुधवारी दुपारी दोनला जा, जेवणं नुकतीच झालेली असतात आणि सगळे पेंगत असतात. बाग, देऊळ नंतर बघा. सरळ कुठल्या तरी रिकाम्या खोलीत शिरून बटण दाबा आणि घड्याळ लावा. मावशी तापल्या तर तापू द्यात. आणि जायच्या आधी ऑफिसला फोन करा. चार ते सहाच्या मधे केलात तर दुसऱ्या रिंगला मीच उचलीन.